लवूच्या हातचा नट

ही हकीकत खरी आहे. रचलेली असती तर मी जरा बरी रचली असती. रात्र घातली असती, अमावास्या घातली असती, लांबून एखादं कुत्रं रडवलं असतं.

यात तसलं काही नाही.

मंगळवार होता. गेल्या नोव्हेंबरातला. दुपारचे चार वाजलेले. लख्ख ऊन. घोडबंदर रोडवर, चेण्याच्या थोडं अलीकडे, माझा मावसभाऊ नीलेश घवाळी याचं गॅरेज आहे. समोर डंपरची रांग, वर धूळ, बाजूला चहाची टपरी. भुताने राहावं अशी ती जागाच नव्हे. तिथे माणसंसुद्धा नाइलाजाने राहतात.

आणि तरीही…

सांगतो. नीलेशने मला सांगितलं तसंच.

त्या दिवशी नीलेश स्वतःच्या गाडीचं काम करत होता. त्याची बायको सुचेता भाईंदर वेस्टच्या एका शाळेत शिकवते. गाडी जास्त करून तीच चालवते. आदल्या दिवशी पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि चाकामागची नकल वाकली. खड्ड्याचं वर्णन करत नाही. मीरा-भाईंदरकरांना ते तोंडपाठ आहे.

नकल म्हणजे लोखंडाचा एक ओबडधोबड सांधा. चाक त्याला धरून उभं असतं. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळतं, ते त्याच्या जोरावर. तो तुटला की तुम्ही स्टिअरिंग कुठेही फिरवा, चाक आपल्या मर्जीने जातं.

वाकलेली नकल बदलायची असते. ती गॅसवर तापवून, घणाने ठोकून सरळ करायची नसते. कुठल्याही मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारा.

नीलेशला तर हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर स्वतःच्या गाडीसाठी त्याने डब्यातली, कोरी करकरीत नकल आणली होती.

जुनी उतरवली. नवी बसवली. राहिला शेवटचा मोठा नट. चाकाच्या मधोमध असतो तो. हा आवळताना चाक फिरू नये म्हणून एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून पान्ह्यावर सगळं वजन टाकायचं. दोन माणसांचं काम. बाहेरचा ओरडतो, "दाब!" आतला दाबतो. बाहेरचा म्हणतो, "सोड." आतला सोडतो.

त्या दिवशी दुसरा मेकॅनिक रजेवर होता. एकटा असला की नीलेश सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडाचा एक दांडका अडकवायचा.

त्याने पान्हा लावला. पाय रोवले. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं…

"लवू, दाब!"

चाक घट्ट झालं.

नीलेशने पान्ह्यावर वजन टाकलं. नट करकरत बसला. मागच्या भिंतीवर ब्रेक लाइटचा लाल उजेड पडला होता.

"सोड," नीलेश म्हणाला.

लाल उजेड विझला.

मग त्याची नजर आपल्या पायापाशी गेली…

दांडका तिथेच पडलेला होता. अडकवायचा राहूनच गेला होता.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

आणि मग त्याला आठवलं, की लवूला मरून चौदा महिने झालेत.

लवू कोण, ते आता सांगायला हवं.

लवू गोताड. नीलेशच्याच गावचा, संगमेश्वरकडचा. गॅरेज उघडलं त्या दिवसापासूनचा मेकॅनिक. बोलणं कमी. आयुष्यात त्याने एकच बढाई मारली, पण ती रोज मारली. "माझ्या हातचा नट ढिला होत नाय."

हा मोठा नट आवळून झाला की त्याची कड छिन्नीने खाचेत ठोकायची असते, म्हणजे तो आपोआप फिरत नाही. लवू ती कड अशी ठोकायचा की पुढे कधी दुसऱ्या गॅरेजवाल्याला तो नट खोलावा लागला, तर तो लवूच्या सात पिढ्या काढायचा. त्या शिव्या लवूपर्यंत पोचल्या की तो दिवसभर खूश असायचा.

त्या मंगळवारच्या चौदा महिने आधी एक गिऱ्हाईक आलं. नकल वाकलेली. नवीन यायला चार दिवस लागणार होते, आणि गिऱ्हाइकाला परवा सकाळी भाचीच्या साखरपुड्याला नाशिक गाठायचं होतं.

नीलेश म्हणाला, "होऊन जाईल."

आपल्याकडे निम्मे अपघात या वाक्यापासून सुरू होतात.

त्याने वाकलेली नकल गॅसवर लाल केली, घणाने सरळ केली आणि वरून काळा रंग मारला. एकदम नव्यासारखी. लवूने ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"शेठ, हे लोखंड भाजलंय. ह्यात आता जीव नाय."

"तू फक्त बसव रे. बाकी मी बघतो."

"आणि ट्रायल कोण घेणार?"

"तूच. मग काय गिऱ्हाईक घेणार?"

लवूने बसवली. नट आवळला. कड ठोकली. ट्रायलला गेला. गायमुखच्या उतारावर नकल मधोमध तुटली. पुढे कंटेनर उभा होता.

पोलिसांच्या आधी नीलेश पोचला. तुटलेल्या नकलेचे तुकडे त्याने पिशवीत घातले आणि संध्याकाळी वरसाव्याच्या पुलावरून खाडीत सोडले. मग पोलीस स्टेशनला जाऊन शांतपणे जबाब दिला. मेकॅनिकने नट ढिला ठेवला होता.

मेलेल्या माणसाची चूक निघाली की फाइल लवकर मिटते. सगळ्यांचीच सोय होते.

एक बाई सोडून. लवूची बायको आशा काशीगावात राहते. वर्षश्राद्धाला नीलेश तिच्याकडे जेवायला गेला होता. भाजी वाढता वाढता तिने विचारलं, "शेठ, ह्यांच्या हातून नट कसा ढिला राहिला हो? गावाला सगळे मला तेच विचारतात."

"नशीब, वहिनी," नीलेश म्हणाला. आणि खीर मागून घेतली.

तर… तो मंगळवार.

नीलेश बाहेर येऊन टपरीवर लागोपाठ तीन चहा प्यायला. ब्रेक जाम झाला असेल. उजेड उन्हाचा असेल. दुपारी जेवण जड झालं होतं. अशी सगळी कारणं त्याने चहाबरोबर गिळली. मग आत जाऊन नटाची कड ठोकली, चाकावर टोपी बसवली आणि ट्रायलला निघाला.

दोन किलोमीटरही झाले नसतील.

स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं.

आणि खालून आवाज आला…

कर्र… कर्र… कर्र…

कोणीतरी सावकाश पान्हा फिरवतंय असा.

त्याने गाडी बाजूला घेतली. चाकावरची टोपी काढली. नट तीन आटे बाहेर आला होता.

आणि छिन्नीने ठोकलेली कड…

सरळ होती. छिन्नीची खूणसुद्धा नव्हती.

"नटच खराब असणार," नीलेश म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाला. नट पुन्हा आवळला आणि पहिल्या गिअरमध्ये रांगत घरी आला. रात्री पाहिलं तर पुन्हा ढिला. त्याने दुसरा नवीन नट घातला.

पुढचे चार दिवस सुचेताने गाडी चालवली. "मस्त झालीये," ती म्हणाली. नीलेश रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून नट तपासायचा. दगडासारखा घट्ट. त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी मासळी आणायला उत्तनला जायचं ठरलं. नीलेश चालवत होता. बाजूला सुचेता, मागे मुलगी इशिता, दहावीतली. तारोडीच्या वळणाला मागून प्रश्न आला.

"बाबा, खाली कोण आहे?"

"खाली म्हणजे?"

"गाडीखाली. कोणीतरी काहीतरी फिरवतंय."

नीलेशने ब्रेक मारला. चाक डुगडुगत थांबलं. टोपी काढली तर नट निघून टोपीत पडलेला होता.

मेल्विनचं गॅरेज तिथून हाकेवर. मेल्विन तारोडीचाच, नीलेशचा जुना दोस्त. त्याने स्वतः नट आवळला, स्वतः कड ठोकली आणि हात पुसले.

"जा आता. ह्यो नट माझ्या बापाला न्हाय सुटायचा."

नीलेश चर्चला वळसा घालून परत आला. नट दोन आटे ढिला.

मेल्विनने पान्हा उचलला. पुन्हा आवळला. मग म्हणाला, "आता वहिनीला चालवू दे."

सुचेता पार उत्तन नाक्यापर्यंत जाऊन आली. मेल्विनने पान्हा लावून पाहिला. नट हलेना.

"नील्या, गाडीला काय न्हाय झालेलं."

"मग?"

"तुला झालंय. वहिनी चालवते तवा नट गुमान बसतो. तू बसलास का सुटतो. कोन तरी सोडतंय त्याला."

"कोण?"

"मना काय म्हाईत? तुला म्हाईत असंल." एवढं बोलून मेल्विनने इशिताला थंड सरबत दिलं आणि नीलेशला नाही दिलं.

परतताना सुचेताने गाडी चालवली. वाटेतल्या सगळ्या देवांना हात जोडत नीलेश बाजूला बसला होता.

"गावाकडे काय करतात रे अशा वेळी?" तिने विचारलं.

"गाऱ्हाणं घालतात."

"मग घाल की."

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला त्याने गॅरेजमध्ये गाऱ्हाणं घातलं. गाडीपुढे नारळ ठेवला, विडा ठेवला. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी ती रीत. बाकीचे म्हणजे एकटी सुचेता. ती पर्स खांद्याला तशीच अडकवून उभी होती. तिला थोडं हसूही येत होतं.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी आज तुझ्या पुढ्यात उभी केलीय…"

"व्हय म्हाराजा."

"कळत नकळत काय चुकलंमाकलं असेल…"

"व्हय म्हाराजा."

"तर ते लेकरांचं म्हणून पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

सुरुवात झकास झाली. गुन्हा न सांगता माफी मागायची असेल तर याहून सोयीची भाषा जगात नाही. नीलेशला जोर चढला. डोळ्यांत पाणीही आलं. आणि त्या भरात तो बोलून गेला…

"आणि बा म्हाराजा, आमच्या लवूच्या हातून तो नट ढिला राहिला, त्यालाही माफ कर. मी केलंय. तूही कर."

सुचेताने तोंड उघडलं.

पण उत्तर तिच्या आधी आलं.

गाडीखालून…

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला "नाय" म्हणत नाहीत. ती सोयच नाही त्यात. गावात भावाभावांचे खून पडायची वेळ आली तरी गाऱ्हाण्याला सगळे "व्हय"च म्हणतात.

त्या क्षणी रस्त्यावरचे डंपरसुद्धा थांबले होते, असं नीलेश म्हणतो. ते मला पटत नाही. बाकी सगळं पटतं.

मग…

कर्र… कर्र… कर्र…

घाई नव्हती. वीस वर्षं काम केलेल्या माणसाचा तो हात होता.

चाकावरची टोपी खणकन पडली. मागोमाग नट पडला. फरशीवरून घरंगळत आला. नारळाला वळसा घातला. आणि नीलेशच्या अंगठ्याला टेकून थांबला.

नीलेश ओरडून मागे सरला. अंगठ्यावर फोड आला होता.

नट गरम होता. गॅसवरून आत्ता उतरवल्यासारखा.

सुचेताचं हसू केव्हाच गेलं होतं. "लवूभाऊंचा आवाज होता तो," ती म्हणाली.

नीलेश वाकून अंगठ्यावर फुंकर घालत होता.

"नट कोणी ढिला ठेवला होता, नीलेश?"

"ढिला नव्हता," नीलेश म्हणाला. आणि सगळं सांगितलं. गॅस, घण, काळा रंग, पिशवी, पूल. सांगताना तो नारळाकडे बघत होता.

"म्हणजे वर्षभर ती बाई लोकांची बोलणी खातेय. आणि तू तिच्या घरी जाऊन खीर खाल्लीस."

"तिने वाढली."

"उद्या तिच्याकडे जायचं. तिथून पोलिसांत."

"पोलिसांत गेलो तर मी आत जाईन, सुचेता. गॅरेज जाईल. इशिताचं काय?"

"उद्या," सुचेता म्हणाली.

"हो. जाऊ ना."

दुसऱ्या दिवशी नीलेशचा अंगठा दुखत होता. तिसऱ्या दिवशी गॅरेजला अर्जंट काम आलं. चौथ्या दिवशी सुचेताच म्हणाली, "इशिताची दहावी होऊ दे. मार्चनंतर बघू."

त्याच दुपारी शाळेतून परत येताना तिच्या हातात स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

तिला आजवर एकदाही ओढलं नव्हतं.

पण आजवर तिला काही माहीतही नव्हतं…

तिने फ्लायओव्हरखाली गाडी लावली, कुलूप घातलं आणि चालत घरी आली. घरात आल्यावर चावी टेबलावर ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात गाडी विकली. नव्या मालकाची काही तक्रार नाही. नट दगडासारखा आहे म्हणतो.

गाडी गेली, पण ते गेलं नाही.

नीलेश रिक्षात बसला. काशीमिरा नाक्यावर रिक्षा एका बाजूला कलली. रिक्षावाला उतरून चाकाकडे बघतच राहिला. "साहब, कल ही टाईट करवाया था! माँ कसम!" नीलेशने त्याला समजावलं की तुझी चूक नाही. हे वाक्य आपल्याला म्हणता येतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

मग तो बसमध्ये चढला. पुढच्या चाकाच्या वरची सीट मिळाली. दोन स्टॉप झाले, आणि पायांखालून…

कर्र…

तो उठला आणि चालत्या बसची घंटा वाजवत सुटला. कंडक्टर चिडला. बसमध्ये चाळीसेक माणसं होती. तेवढी लाज नीलेशला अजून आहे.

तेव्हापासून तो चालतो. मीरा रोड ते चेणे, रोज जाऊन येऊन. डंपरच्या धुळीतून, तोंडाला रुमाल बांधून. सुचेता भाईंदरला चालत जाते, चालत येते. इशिता बसने जाते. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. मेल्विनलाही काही माहीत नाही. तो सुखाने गाडी चालवतो.

नीलेशच्या वाटेवर ते पोलीस स्टेशन लागतं. जबाब दिला होता ते. रोज तिथे त्याची चाल मंदावते. रोज तो फाटकाशी थांबतो, घाम पुसतो, आत बघतो. आणि पुढे जातो. तुरुंगात जाण्यापेक्षा जन्मभर पायी फिरलेलं बरं, असं त्याचं मत झालंय. बावीस किलो वजन उतरलंय. सोसायटीतले लोक विचारतात, काय रे, कुठला डाएट?

मार्च संपला. दहावीची परीक्षा झाली. निकालही लागला, इशिताला चांगले मार्क पडले. नीलेश पेढे घेऊन माझ्याकडे आला. अर्थात चालत. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि दीड तास बोलला. मी वर लिहिलंय ते सगळं त्याने त्या दिवशी सांगितलं.

मी विचारलं, "मग आता परीक्षा झाली. आशावहिनींकडे कधी जातोयस?"

"बघू," तो म्हणाला. उठला, चपला घातल्या. दारात वळून म्हणाला, "तुला सांगितलं. बरं वाटलं."

मलाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं. घरची गोष्ट घरात राहावी, आपण कशाला मध्ये पडा, असं मी बायकोशी बोललो. म्हणजे मनात बोललो. तिला काही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी दूध आणायला गाडी काढली होती. नया नगरच्या सिग्नलला स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढलं…

हवा कमी असेल म्हणून पंपावर गेलो. पोऱ्याने मीटर लावून पाहिलं. "बराबर है, अंकल. चारों में बराबर है."

चाकाची टोपी काढून पाहायचं मला धाडस झालं नाही. गाडी तिथून पहिल्या गिअरमध्ये घरी आणली आणि कव्हर घातलं. नऊ दिवस झाले. मी चालतो. डॉक्टर खूश आहेत. शुगर उतरलीये म्हणतात.

काशीगाव माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. आशावहिनींकडे जायला गाडी लागतच नाही. जायचं, दार वाजवायचं, एवढंच सांगायचं की वहिनी, नट ढिला नव्हता. अर्ध्या मिनिटाचं काम.

काल संध्याकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. त्या बाहेरच उभ्या होत्या, दोरीवरचे कपडे काढत. गॅरेजवर येता-जाता पाहिलेलं, म्हणून मला ओळखून हसल्या. "या ना, भाऊ," म्हणाल्या.

मी हात हलवला…

आणि घाईत असल्यासारखा पुढे निघून गेलो.